सातव्या दिवसाचं जावळ

शुक्री : दारावरची पाटी वाचलीस ना आत येताना? मग तेच तेच काय विचारतेस?

रुदैना : वाचली की. ‘लहान बाळांचं जावळ इथे काढलं जाणार नाही.’ अक्षर तुझंच आहे. आणि एका अक्षरावरचं टिंब चुकलंय.

शुक्री : शाळा तिकडे वर आहे, टेकडीवर. इथे भाचीसारखं यायचं आणि भाचीसारखं बसायचं. थांब, चहा टाकतो.

रुदैना : चहा नको मामा, वेळ नाही. तुझ्या भाच्याचा, नाएलचा मुलगा आज सात दिवसांचा झाला. बकरं कापून झालंय, आईने मटण-भाताचं मनसफ चढवलंय, घर माणसांनी भरलंय. दुपारच्या नमाजाआधी बाळाचं जावळ उतरायला हवं. आणि ते तूच उतरवायचंस.

शुक्री : हम्माम गल्लीत जा. तिथला तो सीरियन न्हावी चांगला आहे, हात हलका आहे त्याचा. माझी स्वतःची नातवंडं मी त्याच्याकडे पाठवली.

रुदैना : माहितीये. सगळ्या सॉल्ट गावाला माहितीये. पण आम्हाला सीरियन न्हावी नकोय.

शुक्री : आम्हाला म्हणजे कुणाला? तुझ्या आईला?

रुदैना : आईला, नाएलला, त्याच्या बायकोला. बाबांना.

शुक्री : कुणाला?

रुदैना : बाबांना. बाहेर बघ. दरवाजातून नको, आरशातून बघ हवं तर. ती पांढरी गाडी. बाळ मांडीवर घेऊन बसलेत.

शुक्री : या अल्ला. फव्वाज? माझ्या दुकानासमोर? अगं, त्या माणसाने पंचवीस वर्षं ही गल्ली टाळली. मशिदीत जायला वरचा सगळा चढ चढून जातो, गुडघे दुखत असले तरी. आज काय झालं?

रुदैना : तेच सांगायला मला पुढे पाठवलंय. स्वतः सांगायला जीभ वळत नाही त्यांची. खाली बस तू.

शुक्री : मी उभाच बरा. न्हावी बसला की गिऱ्हाईक परत जातं.

रुदैना : मामा, बस. लग्नाआधी ती सरकारी रक्ततपासणी करावी लागते ना, थॅलेसेमियाची? हिवाळ्यात मी आणि इहाब गेलो होतो त्यासाठी. रक्त घ्यायला मी बाही वर केली, तर तिथल्या डॉक्टरीणबाई सुई हातात धरून थांबल्या. कोपरावर हे बारीक बारीक दाणे आहेत ना माझ्या, बाजरीएवढे? ते बघत होत्या. मग चेहऱ्याकडे बघितलं. म्हणाल्या, भुवया पेन्सिलीने काढतेस का?

शुक्री : लोकांनाही नको तिथे बघायची सवय असते.

रुदैना : नाही रे, चांगल्या होत्या त्या. तीनच प्रश्न विचारले. जन्मलीस तेव्हा डोक्यावर केस होते का? कधी गेले? आईवडील नात्यातले आहेत का?

शुक्री : मग काय सांगितलंस?

रुदैना : जे घरात सांगतात तेच. केस होते, दाट, काळेभोर. सातव्या दिवशी मामाने जावळ काढलं. त्यानंतर नीट आलेच नाहीत, आणि होतं नव्हतं तेही चारपाच महिन्यांत गेलं. आणि आईबाबा नात्यातलेच.

शुक्री : बरोबर सांगितलंस.

रुदैना : आणि माहितीये, त्या हसल्या! चेष्टेने नाही. म्हणाल्या, तुझ्या मामांना निरोप दे, त्यांचा वस्तरा निर्दोष आहे. पण मी तुला तेव्हा सांगितलं नाही. खात्री झाल्याशिवाय सांगायचं नाही असं ठरवलं. त्यांनी मला अम्मानला पाठवलं, जनुकांच्या तपासणीला. माझं रक्त, आईचं रक्त, बाबांचं रक्त. अडीच महिने वाट बघितली. आता आलाय अहवाल. हा बघ, पिशवीत आहे.

शुक्री : मला इंग्रजी कुठे येतं?

रुदैना : मी सांगते. माणसाच्या अंगात प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तर दुसरी काम चालवून नेते, कुणाला कळतही नाही. आईची एक प्रत बिघडलेली. बाबांचीही एक, तीच, तशीच. आणि मला दोघांकडून नेमकी बिघडलेलीच मिळाली. एवढंच.

शुक्री : एवढंच?

रुदैना : एवढंच. जन्माचे केस येतात, पहिल्या काही महिन्यांत गळतात, मग पुन्हा येत नाहीत. जावळ काढा नाहीतर काढू नका. सोन्याच्या कंगव्याने विंचरा. ते जाणारच होते.

शुक्री : कागदावर काय, लोक वाट्टेल ते लिहितात.

रुदैना : मामा!

शुक्री : नाही, मला सांग. हजारो मुलांचं जावळ निघतं. सगळ्यांना येतात केस. तुझंच मी काढलं आणि तुझेच आले नाहीत. ते काय उगीच?

रुदैना : बरं. एक सांग. त्या दिवशी तू माझं डोकं भादरलंस. भुवया भादरल्या होत्यास का?

शुक्री : काहीतरीच काय बोलतेस! बाळाच्या भुवयांना कोण हात लावतं?

रुदैना : पापण्या?

शुक्री : रुदैना!

रुदैना : मग त्या कुठे गेल्या? पंचवीस वर्षं घरात, दारात, लग्नात, मयतीत सगळे बोलले. शुक्रीच्या वस्तऱ्याने पोरीचं वाटोळं केलं. एकाने तरी विचारलं का, की वस्तरा डोक्यावर फिरला तर भुवया कशा गेल्या? मी गणित शिकवते मामा, आणि मलाही कधी सुचलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर सुचलं.

शुक्री : लोक म्हणायचे, विष खाली उतरलं.

रुदैना : कसलं विष?

शुक्री : वस्तऱ्याचं. गंजाचं. नजरेचं. ज्याला जे वाटेल ते.

रुदैना : आणि तुला काय वाटायचं?

शुक्री : चहा टाकतो मी. मरवा घालू का पुदिना?

रुदैना : मामा, तुला काय वाटायचं?

शुक्री : तुझ्या त्या बाईंना सगळं माहीत नाही, पोरी. कुणालाच माहीत नाही. डाव्या कानाच्या वर, थोडं मागे, तिथे लागलं होतं तुला माझ्या हातून. तांदळाच्या दाण्याएवढं. टिपूसभर रक्त आलं. मी अंगठ्याखाली तुरटी दाबून धरली आणि वरून टॉवेल टाकला. कुणाला बोललो नाही. तुझ्या आईलाही नाही. तिने तर हट्ट धरला होता की माझ्या लेकीचं जावळ माझा भाऊच काढणार, सासरचा न्हावी नको. मग तिला कुठल्या तोंडाने सांगू?

रुदैना : म्हणून तू पाटी लावलीस.

शुक्री : तुझे केस येईनात, तेव्हा लावली. आधी वाटलं, महिन्याभरात येतील. मग वाटलं, वर्षात येतील. तुझी आई, रिफ्का, तुला कांबळ्यात गुंडाळून आणायची, मागच्या दाराने. मी बोटाने चाचपून बघायचो. कुठेतरी काटा लागतो का, एखादा तरी. लागायचा नाही.

रुदैना : त्या एवढ्याशा खोकेने काही झालेलं नाही. ऐकतोयस ना? मी विचारलंय. त्या खोकेचं नाही, मला माहीतच नव्हतं, पण सगळंच विचारलंय. लसूण चोळल्याने, ऑलिव्हचं तेल जास्त गरम झाल्याने, आईने गरोदरपणात रडल्याने, सगळं. सगळ्याला उत्तर एकच. नाही.

शुक्री : मग उपाय काय म्हणाल्या?

रुदैना : काही नाही.

शुक्री : म्हणजे?

रुदैना : म्हणजे उपाय नाही. मुळाशी केस उगवणारी जागाच मिटलेली आहे. औषध, सुया, मलम, कशानेही यायचे नाहीत.

शुक्री : आणि तू हे हसत सांगतेस?

रुदैना : मामा, नऊ वर्षांची असल्यापासून तेरा वर्षांची होईपर्यंत दर महिन्याला मला अम्मानला नेत होते. डोक्यात पंधरा पंधरा सुया. आई माझे दोन्ही हात धरायची आणि स्वतः भिंतीकडे बघायची. त्यानंतर गोळ्या. तोंड सुजलं तेव्हा थांबवल्या. त्यानंतरही दर वर्षी कुणीतरी नवीन तेल घेऊन यायचं आणि मी लावायचे, कारण नाही लावलं तर लोक म्हणणार, पोरीलाच बरं व्हायचं नाही. आणि आता पहिल्यांदा एका शहाण्या माणसाने सांगितलं की काही करू नकोस. तुझी तब्येत उत्तम आहे. घरी जा. त्या दिवशी मी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपले, घाट येऊन गेला तरी कळलं नाही. मी इतकी हलकी कधी झाले नव्हते.

शुक्री : अल्हम्दुलिल्लाह. पण तो मुलगा? इहाब? त्याला हे सगळं...

रुदैना : त्याला आधीच सांगितलं होतं. साखरपुड्याआधी. आई बाजूला बसली होती, मी रुमाल काढला आणि भुवया पुसून टाकल्या त्याच्यासमोर.

शुक्री : बाप रे. मग?

रुदैना : त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, मला वाटलं आता काहीतरी भयंकर सांगणार. तुझं आधी कुठे लग्न ठरलं होतं की काय.

शुक्री : हाहा! बरा आहे.

रुदैना : त्याचंही रक्त तपासलं. त्याच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. आमच्या मुलांना काही होणार नाही. तुझ्यातही ते असू शकतं म्हणे. आईचा सख्खा भाऊ तू. पण अर्धं असलं तर काही बिघडत नाही.

शुक्री : माझं अर्धं टक्कल तर उघडच दिसतंय.

रुदैना : ते वेगळं टक्कल. ते साठीचं आहे.

शुक्री : आणि नाएलचं बाळ? नाएलची बायको तर तुझ्या काकाचीच मुलगी. घरातल्या घरातच दिलीये. तिकडूनही...

रुदैना : अगदी हेच आईच्या मनात आलं. नाएलमध्ये अर्धं आहे. मैसूनचं रक्त तिला सातवा लागल्यावर दिलं आणि अहवाल परवा आला. तिच्यात नाही. बाळाला काही होणार नाही मामा. त्याच्या डोक्यावर आता आहे तसंच रान पुन्हा उगवणार. म्हणून तर आम्ही आज आलो. तू जावळ काढायचं आणि सगळ्या गावाने केस येताना बघायचे.

शुक्री : नाही.

रुदैना : का पण?

शुक्री : माझा हात बघ. दिसतोय? तुझ्याशी नुसतं बोलतोय तर असा. टाळू किती नाजूक असते, खालून धडधडत असते. मी मोठ्यांच्या दाढ्या करतो, तेवढं पुरे. तू आलीस, सांगितलंस, माझ्या छातीवरचा धोंडा उतरवलास. अल्ला तुला शंभर मुलं देवो. आता जा, त्या सीरियनकडे गर्दी व्हायच्या आत.

रुदैना : मला शंभर नकोत. दोन पुरेत.

(दार ढकलून फव्वाज आत येतो. साठीचा, थोडा लंगडत. कडेवर झोपलेलं बाळ.)

फव्वाज : गाडी तापली. लेकरू भाजून निघेल. अजून किती बोलणार आहात?

रुदैना : बाबा, मी सांगितलं सगळं. मामा नाही म्हणतोय.

फव्वाज : नाही म्हणतोय? सलाम तरी म्हणतोय का?

शुक्री : सलाम, फव्वाज. ये. खुर्ची... त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. या इकडच्या.

फव्वाज : दुकान रंगवलंस.

शुक्री : बारा वर्षं झाली.

फव्वाज : हं. पूर्वी हिरवं होतं.

शुक्री : हो. हिरवं होतं.

रुदैना : बाबा.

फव्वाज : बोलतो ना! ट्रक चालवून आयुष्य गेलं माझं, बोलायची सवय नाही. शुक्री, आपल्या आजोबांची बहीण आठवते तुला? हिस्सा आत्या. करकला राहायची.

शुक्री : डोक्याला कायम काळं फडकं. बायकांतसुद्धा सोडायची नाही.

फव्वाज : लग्न नाही झालं तिचं. लोक म्हणायचे, लहानपणी ताप आला, केस गेले. तो अहवाल आल्यावर मला पहिल्यांदा तीच आठवली. तिचं जावळ कुणी काढलं असेल? तू तर जन्मलाही नव्हतास.

शुक्री : कुठून आठवलं तुला!

फव्वाज : मी आठ दिवस तेच आठवतोय. माझ्या रक्तात आहे ते, शुक्री. निम्मं माझ्याकडून आलंय पोरीला. पंचवीस वर्षं मी विचारत राहिलो, कुणी केलं, कुणी केलं. केलेलं कुणीच नव्हतं.

शुक्री : जाऊ दे. तू बाप होतास.

फव्वाज : नाही, जाऊ दे नाही. अजून एक आहे. ही पोर इथे आहे, बरं आहे, तिनेही ऐकू दे. त्या दिवशी तुझ्या हातून तिला लागलं.

शुक्री : तुला... तुला माहीत होतं?

फव्वाज : मांडीवर तर माझ्याच होती ती! तू म्हणालास, फव्वाज, घट्ट धर, हसू नकोस. तू त्या अकाबाच्या मासेवाल्याची गोष्ट सांगत होतास आणि मी खदाखदा हसलो. मांडी हलली. तिचं डोकं सरकलं आणि वस्तरा लागला. तू टॉवेल टाकलास ते मी बघितलं. मी काही बोललो नाही, तूही नाही बोललास. मग केस येईनात. मी म्हटलं, हे माझ्यामुळे. माझ्या हसण्यामुळे. ते मला सहन होईना. म्हणून तुझ्यावर ओरडलो. तुझ्यावर ओरडणं सोपं होतं.

शुक्री : पंचवीस वर्षं?

फव्वाज : एकदा ओरडलं की थांबता येत नाही माणसाला.

रुदैना : म्हणजे तुम्ही दोघं एका तांदळाएवढ्या खोकेसाठी...

फव्वाज : तू गप गं. मोठी माणसं बोलतायत.

शुक्री : मला वाटायचं, ते फक्त मलाच माहीत आहे.

फव्वाज : मलाही तेच वाटायचं.

शुक्री : बस रे. खाली बस. उभ्याने गुडघा दुखेल तुझा.

फव्वाज : आणि दर गुरुवारी रिफ्का पोरीला घेऊन शिंप्याकडे म्हणून जायची. दोन दोन तास. शिंप्याकडे एवढी जाते, मग घरात एकही नवा कपडा कसा येत नाही? मी काय खुळा आहे?

रुदैना : बाबा! तुम्हाला ठाऊक होतं?

फव्वाज : परत यायचीस तेव्हा तुझ्या कपाळावर दोन भुवया असायच्या. सरळ, झकास. आईला तर तशा काढता यायच्या नाहीत, तिचा हात वाकडा. शाळेत पहिल्या दिवशी तू ताठ मानेने गेलीस ते मी ट्रकमधून बघत होतो. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं.

रुदैना : मामाने आरशासमोर बसवून शिकवलं मला. एक बोट आडवं धर, तिथून सुरुवात. डावी जरा खाली ठेव, तुझ्या आईची तशीच आहे. मी आजही तशीच काढते. आणि बाबा, मी आज यासाठीच आले होते खरं म्हणजे. बाळाचं काय, कुणीही भादरेल. मला मामाचे आभार मानायचे होते. त्याच्या हातून माझं वाईट झालं असं सगळ्यांनी म्हणायचं आणि मला मात्र त्या हातांनीच चेहरा दिला, हे मला कधी मोठ्याने बोलता आलं नव्हतं.

शुक्री : पुरे. पुरे पोरी. आरसा धूसर दिसायला लागला मला.

फव्वाज : डोळे पूस आणि वस्तरा काढ. उठलं बघ हे. भूक लागेल आता, मग रडून गाव गोळा करेल.

शुक्री : हात थरथरतोय माझा.

फव्वाज : मग थांबू. तुझा हात थांबेस्तोवर थांबू. घरचे जेवतील उशिरा.

शुक्री : रुदैना, ते कोमट पाणी दे. नवं पातं आहे खणात, कागदातलं. साबण नको, नुसतं पाणी. आता बाळाला...

रुदैना : आण, मी घेते मांडीवर.

शुक्री : नाही. तू बाजूला हो. फव्वाज, तूच धर.

फव्वाज : मी? नको रे. मी नको.

शुक्री : तूच. मान तळहातावर घे. असं. दुसरा हात छातीवर. आणि हसायचं नाही.

फव्वाज : मासेवाल्याची गोष्ट सांगायची नाही मग.

शुक्री : नाही सांगत. बिस्मिल्ला... वा, काय केस आहेत रे. लोकरच. बघतोय बघ कसा माझ्याकडे. काय रे, कुणाचा तू? कुणाचा? ... हलू नकोस फव्वाज.

फव्वाज : हलत नाहीये. श्वाससुद्धा घेत नाहीये.

शुक्री : श्वास घे, मरशील. ... हं. एक बाजू झाली. रुदैना, केस त्या पांढऱ्या फडक्यात धर, जमिनीवर पडू देऊ नको.

रुदैना : धरलंय मामा. तुझा हात आता अजिबात हलत नाहीये.

शुक्री : बोलू नकोस त्याच्याबद्दल. त्याला कळेल. ... आता कानामागे. इथे हळू. इथे फार हळू.

फव्वाज : मान धरलीये घट्ट.

शुक्री : झालं.

फव्वाज : झालं? कुठे काही...

शुक्री : कुठेही नाही. बघ स्वतः. हात फिरवून बघ.

फव्वाज : माशाल्ला. शुक्री, गुळगुळीत. झालं बाबा. झालं एकदाचं.

रुदैना : बाबा, रडताय?

फव्वाज : घाम आहे तो. पंखा लावत नाही हा माणूस. घे रे शुक्री, धर याला जरा, मला उठायचंय.

शुक्री : ये, ये माझ्या राजा. चोळू का जरा तेल डोक्याला? आता थंड वाटत असेल. रान उगवू दे, मग... अरे! अरे अरे! बघा याचे पराक्रम. सगळा शर्ट भिजवला.

रुदैना : हाहाहा! मामा, न्हाव्याची बिदागी मिळाली तुला.

शुक्री : घे हा तुझा भाचा. तुम्ही व्हा पुढे. मी वर घरी जातो, अंघोळ करतो, धुतलेला शर्ट घालतो. इतक्या वर्षांनी तुमच्या दारात यायचं, रिफ्काच्या सासरच्या सगळ्या माणसांसमोर...

फव्वाज : कशाला? गाडीत बस. तुझी बहीण सकाळपासून दारातून हलली नाहीये. आहे तसाच चल.